‘एकलव्या’चा कान : केशवराव भोळे आणि वऱ्हाडातील नव्या संगीताचा स्वीकार

मराठी संगीताच्या इतिहासलेखनात नवे संगीत कोणी निर्माण केले याची नोंद बहुधा आढळते. ते नवे आहे हे प्रथम कोणाच्या कानाला जाणवले आणि त्याने ते इतरांपर्यंत कसे पोहोचविले, याची नोंद क्वचितच आढळते. गायक, नट आणि संगीतदिग्दर्शक यांची चरित्रे लिहिली गेली. श्रोत्याचे चरित्र लिहिले गेले नाही. केशवराव भोळे यांच्या बाबतीत ही उणीव काही अंशी भरून निघते. श्रोता, समीक्षक आणि रचनाकार हे तिघे त्यांच्या ठिकाणी एकत्र आले होते, आणि या तिघांनीही आपापली हकीकत लिहून ठेवली आहे. ‘प्रभात’च्या चित्रपटांचे संगीतदिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे, समीक्षक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते, परंतु त्यांची समीक्षा आणि त्यांची रचना यांचा एकमेकींशी असलेला संबंध मात्र फारसा तपासला गेलेला नाही. तो तपासू लागले म्हणजे एक प्रश्न समोर येतो. अपरिचित संगीत श्रोत्याच्या गळी उतरते ते त्यातील नादामुळे, की त्या नादाला आधार देणाऱ्या परिचित शब्दामुळे? भोळे यांचा जन्म १८९६ मध्ये अमरावतीस झाला, आणि योगायोगाने असेल, परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास वऱ्हाडइतका सोयीचा प्रांत दुसरा नाही.

भोळे यांच्या बालपणीचे वऱ्हाड हे कापसाचे वऱ्हाड होते. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरकडे जाणारा लोहमार्ग अकोल्यावरून आणि बडनेऱ्यावरून जात होता. बडनेऱ्याहून अमरावतीस फाटा गेला होता. या मार्गाने कापसाच्या गासड्या मुंबईकडे गेल्या आणि परतीच्या मार्गाने नाटक मंडळ्या आल्या. कापसाच्या बाजारात पैसा खेळत असल्यामुळे संगीत नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांत अमरावती आणि अकोला ही मानाची ठिकाणे मानली जात. येथील प्रतिष्ठितांचा रंगभूमीशी किती निकटचा संबंध होता, हे १९०५ मध्ये मुंबईस भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांच्याकडे गेले होते, एवढ्यावरून ध्यानात येते.

परंतु या आतिथ्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मंडळी येई, मुक्काम करी, आणि जाई. गायकीची मोठी पीठे कोल्हापूर, मिरज, पुणे, मुंबई येथे होती. तेथील जिज्ञासूला उस्तादाच्या दारात बसता येत असे, शिष्यत्व पत्करता येत असे, निदान रोजचा रियाज भिंतीआडून ऐकता येत असे. वऱ्हाडातील श्रोत्याला ही सोय नव्हती. त्याच्या वाट्याला येई ते एकदाच आलेले, पुन्हा केव्हा येईल याची शाश्वती नसलेले गाणे. मुक्काम हलल्यावर घरच्या पेटीवर ते पद बसवून पाहणे, चुकलेली जागा स्मरणाने दुरुस्त करणे, आणि ज्याने ते ऐकले नाही त्याला ते ऐकविणे, हीच त्याची संगीतसाधना होती. ध्वनिमुद्रिका आल्यावर या साधनेस साहाय्य झाले. तिचे स्वरूप पालटले नाही. एखाद्याच्या जन्मस्थानावरून त्याच्या सर्व वाङ्मयाचा अर्थ लावण्याची चरित्रकारांची खोड सर्वविश्रुत आहे आणि तिचा मोह येथे आवरलाच पाहिजे. तरीही वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईस गेलेला आणि ते शिक्षण सोडून संगीतात रमलेला हा तरुण जेव्हा गायकांविषयी लिहू लागला, तेव्हा त्याने ‘एकलव्य’ हे टोपणनाव घ्यावे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. गुरूच्या समोर न बसता केवळ ऐकून शिकणारा, आणि म्हणून कोणत्याही एका गुरूच्या कुळाचे ऋण मान्य करण्यास बांधील नसणारा, असा दुहेरी अर्थ त्या नावात भरलेला आहे.

‘वसुंधरा’ साप्ताहिकातून ‘एकलव्य’ या नावाने लिहिलेले हे लेख पुढे ‘आजचे प्रसिद्ध गायक’ या पुस्तकात १९३३ मध्ये आले, आणि त्यांचे परिष्कृत रूप ‘संगीताचे मानकरी’ या नावाने १९४९ मध्ये निघाले. त्यापूर्वी मराठीत संगीतविषयक लेखन नव्हते असे नाही. परंतु ते बहुतांशी शास्त्रग्रंथांच्या वळणाचे, अथवा गायकाच्या गुणगानपर आख्यायिकांच्या वळणाचे होते. पहिल्या प्रकारात राग होता, गाणारा नव्हता. दुसऱ्यात गाणारा होता, गाणे नव्हते. भोळे यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. हा गळा कसा आहे? तो स्वरावर कसा जातो, कोठे थांबतो, त्याचे बळ कशात आहे आणि त्याला काय साधत नाही? ‘आवाजाची दुनिया’ हे त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे नाव त्यांच्या समीक्षेचे सारे सूत्र सांगून जाते. रागाच्याही आधी आणि घराण्याच्याही आधी तेथे आवाज आहे.

या भूमिकेचे वेगळेपण वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. देशपांडे यांनी स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून त्यांच्या दरम्यान निरनिराळ्या घराण्यांची जागा निश्चित केली; त्या विवेचनाची शिस्त आणि त्याचा आवाका यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्या पद्धतीत गायक हा प्रथम एका कुळाचा असतो, आणि नंतर स्वतःचा. नव्याचा स्वीकार करण्याच्या दृष्टीने ही अडचण लहान नाही. ज्याचे कूळ सांगता येत नाही असे संगीत पुढे आले, तर घराण्याच्या चौकटीतून पाहणारा समीक्षक प्रथम गोंधळतो आणि मग बहुधा नाक मुरडतो. भोळे यांच्या पद्धतीत हा गोंधळ संभवत नाही; कारण आवाज ख्यालियाचा असो, नटाचा असो, की पाश्चात्त्य वाद्याचा असो, ‘कसा?’ हा प्रश्न सर्वांनाच सारखा लागू पडतो. मूकपटांच्या काळी मुंबईच्या चित्रपटगृहांत पडद्यासमोर वाजणारे पाश्चात्त्य वादन त्यांनी कान देऊन ऐकले, तेही याच वृत्तीने. अर्थात या पद्धतीत धोकाही आहे. कुळाचा आधार सोडला म्हणजे समीक्षकाच्या वैयक्तिक आवडीखेरीज दुसरे प्रमाण उरत नाही, आणि त्यांची आवड-नावड तीव्र होती. त्यांची आवड पटो अथवा न पटो, ते आपल्या मताची कारणे कानाला पडताळून पाहता येतील अशा शब्दांत देतात. वाचक त्या गायकाचे गाणे पुन्हा ऐकू शकतो आणि समीक्षकाला चुकीचाही ठरवू शकतो. नवे संगीत इतरांना वाटून देण्याची ही सर्वांत प्रामाणिक रीत होय.

समीक्षक जे मागतो ते स्वतः करून दाखविण्याची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. भोळे यांच्यावर ती १९३३ मध्येच आली. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे, नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन याच्या कृतीवर आधारलेले नाटक १ जुलै १९३३ रोजी मुंबईस रंगभूमीवर आणले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करणे, दिवाणखान्याचा वास्तव देखावा, बेताची गाणी, या सर्व गोष्टी मराठी प्रेक्षकाला नव्या होत्या. संगीत भोळे यांचे होते आणि गाणी ज्योत्स्ना भोळे यांच्या तोंडी होती. ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढ्यावर चालणाऱ्या नाट्यसंगीतात त्यांनी पियानो, हवाईयन गिटार आणि व्हायोलिन ही वाद्ये आणली. परंतु वाद्ये नवी आणणे हे त्यातील सोपे काम होते. खरा फरक पडला तो पदाच्या कार्यात. पूर्वीच्या संगीत नाटकात पद सुरू झाले की कथा थांबे आणि मैफल सुरू होई. ‘वन्समोअर’ हे त्या मैफलीचे लेणे होते. येथे गाणे प्रसंगाएवढेच लांब राहिले आणि प्रसंग संपताच संपले. ज्या श्रोत्याची भूक तानांवर वाढलेली, त्याच्या पुढे हा मोजका घास ठेवणे धाडसाचे होते.

हे धाडस खपले याचे श्रेय कोणाला द्यावे? ज्योत्स्नाबाईंच्या आवाजातील ताजेपणाला ते द्यावे लागेल, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच सुमारास भावगीत नावाचा नवा प्रकार घरोघर रुजू लागला होता आणि त्याच्या आरंभीच्या रचनाकारांत स्वतः भोळे होते, हेही विसरता येत नाही. भावगीताने श्रोत्याला शब्द ऐकण्याची सवय लावली होती. छोट्या गाण्यातही काही पूर्ण असू शकते, ही खात्री आधी कवितेच्या मार्गाने पटली आणि मग संगीताच्या मार्गाने. म्हणजे नादाचे नवेपण शब्दाच्या ओळखीवर आत आले. भोळे यांच्या समीक्षेने आवाजाला आवाज म्हणून ऐकण्यास सांगितले होते. त्यांच्या रचनेला मात्र यश आले ते शब्दाचा हात धरून. ही विसंगती त्यांच्या सबंध कार्यात आढळते आणि तीच त्यातील सर्वांत उद्बोधक गोष्ट आहे.

‘प्रभात’मध्ये त्यांनी ‘अमृतमंथन’ (१९३४) पासून जे काम केले त्यात ही विसंगती दोन चित्रपटांच्या रूपाने समोरासमोर उभी राहते. पहिला ‘संत तुकाराम’ (१९३६), दुसरा ‘कुंकू’ (१९३७). दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची कीर्ती येथे सांगण्याचे कारण नाही, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला हे सर्वांस ठाऊक आहे. संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग विष्णुपंत पागनीस यांच्या मुखातून ऐकल्यावर अनेकांना तो तुकोबांचाच वाटला, आणि जाणकारांनीही तो गाथेत शोधला. या घटनेचे कौतुक सामान्यतः आठवले यांच्या लेखणीच्या वाट्याला जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अभंग केवळ वाचून एवढी भूल पडली असती काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. चालीत कोठे तरी नाट्यपदाची लकेर, एखादी चमत्कृतिपूर्ण जागा, पेटीवर बसवल्याची खूण राहिली असती, तर कानाने शब्दांवरही संशय घेतला असता. त्या चालीत अशी खूण नाही. थोड्या स्वरांत फिरणारी, पुनरुक्तीला न कंटाळणारी, मागून सबंध दिंडीने उचलावी अशी ती आहे. अगदी नवी वस्तू जुनी म्हणून स्वीकारली जावी, यापेक्षा पूर्ण स्वीकार दुसरा कोणता असू शकेल?

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. जे नवे असूनही जुन्यासारखेच ऐकू येते त्याला साहसी कसे म्हणावे? ती कुशल प्रतिकृती नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. मात्र प्रतिकृतीसाठी समोर मूळ असावे लागते. सतराव्या शतकातील तुकोबांची चाल कोणापाशीही नव्हती. होती ती फडाफडांतून चालत आलेली, निरनिराळ्या गळ्यांची वारकरी परंपरा. तिच्यातून चित्रपटाच्या मोजक्या मिनिटांत मावेल आणि ध्वनिग्राहकापुढे टिकेल असे रूप काढणे ही निर्मितीच होती. तथापि या यशाने श्रोत्याचा कान पुढे सरकला असे म्हणता येत नाही. तो होता तेथेच त्याला अधिक सुख मिळाले.

‘कुंकू’मध्ये नेमके उलट घडले. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात दिग्दर्शक शांताराम यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. प्रसंगात ज्याचा उगम दाखवता येईल तोच ध्वनी ऐकू यावा, हा दंडक. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरातील घड्याळ, दारे, भांडी, हे सारे बोलू लागते. नीरा गाते तेही ग्रामोफोनच्या तबकडीच्या साथीने, आणि एके ठिकाणी तर लाँगफेलोची इंग्रजी कविता ती इंग्रजीतच म्हणते. संगीतदिग्दर्शकाला ज्यात सर्वांत कमी वाव, असा हा चित्रपट होता. आणि तरीही ‘आवाजाची दुनिया’ या शब्दांचा पुरा अर्थ भोळे यांच्या इतर कोणत्याही चित्रपटात इतका उमटलेला नाही. येथे आवाजाला आवाज म्हणून महत्त्व मिळाले. शांता आपटे यांच्या गळ्याची धार आणि घड्याळाचा ठोका एकाच मापाने ऐकावे लागले. चित्रपट गाजला, परंतु गाजला तो जरठ-बाला विवाहाच्या विषयामुळे. त्यातील ध्वनियोजनेचा मार्ग पुढे मराठी चित्रपटांनी जवळजवळ टाकून दिला, आणि पार्श्वसंगीताचा पूर पुन्हा सुरू झाला. ज्या प्रयोगाला परिचित शब्दाची ओळखचिठ्ठी मिळाली तो रुजला. ज्याला केवळ कानावर उभे राहायचे होते तो एकटा राहिला.

भोळे वऱ्हाडात राहिले नाहीत. परंतु त्यांच्या पश्चातही वऱ्हाडाने जे नवे संगीत स्वीकारले त्याकडे पाहिले असता हाच न्याय लागू पडलेला दिसतो. अमरावती जिल्ह्यातील यावलीचे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांचे खंजिरीभजन हे त्याचे ठळक उदाहरण. एका हातातील लहानशा चर्मवाद्यावर सबंध समुदायाला डोलविणारी ही शैली, तिच्यातील मराठी-हिंदीची मोकळी सरमिसळ, तिची त्वरित लय, हे सर्व वारकरी भजनाहून निराळे होते; मोझरीच्या गुरुकुंजातून ती खेडोपाडी पसरली आणि आजही भजनस्पर्धांतून टिकून आहे. तिचा प्रसार उपदेशाच्या शब्दाने केला. खंजिरीच्या बोलांचा अभ्यास करणारे लेखन शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. माधव जूलियन यांची ‘गज्जलांजलि’ १९३३ मध्येच निघाली होती, परंतु मराठी गझल ही गाण्याची वस्तू झाली ती अमरावतीच्या सुरेश भट (१९३२–२००३) यांच्यामुळे. ‘रूपगंधा’ (१९६१) पासून ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) पर्यंतचा त्यांचा प्रवास पाहिला तर कवी, प्रचारक आणि शिक्षक ही तिन्ही कामे त्यांनी एकहाती केल्याचे दिसते. गझल मैफलीतून स्वतः सादर केली, आणि ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांच्या हाती तिचे नियमही दिले. अचलपूर ही एके काळी इमादशाहीची राजधानी. बाळापूरपासून अमरावतीपर्यंत उर्दूचा वावर जुना. त्या भूमीत काफिया आणि रदीफ यांचा कानाला सराव होता. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेल्या भीमराव पांचाळे यांनी पुढे मराठी गझलेच्या गायनालाच आयुष्य वाहिले, आणि ‘गझलसागर’ प्रतिष्ठानच्या संमेलनांतून हा प्रकार महाराष्ट्रभर नेला. नव्या संगीताचा शोध घेऊन ते वाटण्याचे एवढे नियोजनपूर्वक कार्य मराठीत अन्यत्र क्वचितच झाले असेल.

गझलगायनाची रीतच मुळी वाटणीची आहे. गायक शेराची पहिली ओळ म्हणतो, पुन्हा म्हणतो, निरनिराळ्या अंगांनी फिरवतो. दुसरी ओळ राखून ठेवतो. श्रोता मनातल्या मनात काफिया शोधू लागतो. अखेर ओळ पूर्ण होते आणि दाद उसळते. त्या क्षणी कविता अर्धी श्रोत्याने रचलेली असते. अमरावती-अकोल्याच्या मैफलीत हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला त्याची थोरवी सांगावी लागत नाही. परंतु येथेच समीक्षकाने सावध झाले पाहिजे. ती दाद कशाला असते? बहुशः शेराला. पहिली ओळ फिरवताना गायकाने जे स्वर योजले, ज्या जागेवर श्वास घेतला, शब्द पुढे ढकलण्यासाठी लयीत जी सूट घेतली, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. चाल सामान्य असली तरी शेर चांगला असेल तर मैफल जिंकता येते, आणि चाल असामान्य असली तर तिचे श्रेयही शेराच्याच खात्यात जमा होते. भटांनी गझलेच्या अक्षरांची बाराखडी दिली. गझलेच्या आवाजाची बाराखडी अद्याप कोणी दिलेली नाही. हृदयनाथ मंगेशकर यांनी भटांच्या रचनांना दिलेल्या चालींविषयी विपुल बोलले जाते, परंतु तेथेही चर्चा ‘शब्दांना न्याय दिला’ या एका वाक्यापाशी येऊन थांबते. शब्दांना न्याय देणे म्हणजे स्वरांनी नेमके काय करणे, हे विचारणारा ‘एकलव्य’ गझलगायकीला लाभला नाही.

या उणिवेचा परिणाम केवळ गझलेपुरता असता तर तो एका काव्यप्रकाराच्या समीक्षेचा अंतर्गत प्रश्न ठरला असता. तो तेवढ्यावर थांबत नाही. अमरावती जिल्ह्याचाच उत्तर भाग म्हणजे मेळघाट. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू समाजाचे स्वतःचे संगीत आहे, नृत्य आहे, ढोल आणि बासरी यांची स्वतःची मेळवणी आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. मैदानी वऱ्हाडातील श्रोत्याला त्या गीतांचा शब्द कळत नाही, आणि शब्द कळत नाही म्हणून तो ते संगीत ऐकतच नाही. अशोक दा. रानडे यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहून आदिम, लोक आणि कला या कोटींचा स्वतंत्र विचार करण्याची दिशा दाखविली त्याला अर्धशतक होत आले. तरीही नागरी मराठी समीक्षेत कोरकू गीताचा उल्लेख आला तर तो विधींच्या वर्णनात येतो, संगीताच्या चर्चेत नाही. गीतांचे अनुवाद सापडतात, चालींची स्वरलेखने सापडत नाहीत. मॉस्कोचा अथवा न्यूयॉर्कचा वाद्यवृंद अमरावतीच्या श्रोत्याला तबकडीवरून परिचयाचा झाला. परतवाड्याहून घाट चढून गेल्यावर लागणारे संगीत झाले नाही.

भोळे यांनी स्वतः या संगीताविषयी काय म्हटले असते, याची कल्पना करण्यात स्वारस्य नाही. त्यांच्या समीक्षेचे क्षेत्र नागर संगीत होते. महत्त्वाचे आहे ते त्यांचे साधन. शब्दाला बाजूस ठेवून गळा कसा लागतो, तो कोणत्या स्वरावर विसावतो, समूहातील आवाज एकमेकांत मिसळतात की एकमेकांवर चढतात, ढोल गीताला धरून चालतो की त्याला पुढे ओढतो, या प्रश्नांसाठी कोरकू येण्याची पूर्वअट नाही. होळीच्या दिवसांत मेळघाटच्या रस्त्यांवर फगवा मागणारे मेळे ढोल-बासरीसह उभे असतात. वाहने थांबतात, पैसे दिले जातात, आणि वाटसरू चौकशी करतो ती एवढीच की गाण्याचा अर्थ काय.